जैनुद्दीन तेलवाल्यावरचा आळ

वजीराच्या बापाने चार माणसं मारली, असं तिच्या गावात सगळे धरून चालत. तिच्या तोंडावर कुणी म्हणत नसे, आणि म्हणायची गरजही नव्हती. दापोलीकडच्या खाडीकाठचा तो मोहल्ला लहान. एका सकाळी तिथल्या पाच घरांतला कर्ता माणूस गेला. चार घरांत गाव रडायला जमलं. पाचव्या घरात, म्हणजे वजीराच्या, कुणी आलं नाही.

ती सकाळ १९८७ सालच्या ऑगस्टमधली. वजीराचा बाप जैनुद्दीन मुकादम मस्कतच्या एका कंपनीच्या ‘मरियम’ नावाच्या बोटीवर तेलवाला होता. इंजिनाला तेल घालायचं, त्याच्यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. ओमानच्या आखातात मोठमोठी तेलवाहू जहाजं नांगर टाकून उभी असत. त्यांना गोडं पाणी, भाजीपाला, मटण पोचवायला ‘मरियम’ जायची. त्या पहाटे जैनुद्दीन पाळीवर असताना बोटीत स्फोट झाला. पाच जण गेले, तीन वाचले. कंपनीने रिपोर्ट लिहिला. इंजिन चालू करायला दाबाची हवा लागते, ती भरून ठेवायची लोखंडी टाकी फुटली. पाळीवरच्या तेलवाल्याला झोप लागली होती, त्याने वॉल्व्ह वेळेवर बंद केला नाही. पाच मृत्यू त्याच्या निष्काळजीपणाने झाले, त्यात त्याचा स्वतःचाही धरलेला.

रिपोर्ट इंग्रजीत होता. गावात तो एका वाक्यात पोचला: जैनू झोपला आणि चौघांना घेऊन गेला.

वजीरा तेव्हा नऊ वर्षांची होती. विहिरीवर तिच्या आईला, हवाबीला, सगळ्यांचं पाणी भरून होईपर्यंत थांबावं लागे. थोरला भाऊ अरमान सोळाचा झाला तेव्हा एकही सारंग त्याला बोटीवर घ्यायला तयार होईना. जैनूचा मुलगा इंजिनखोलीत नको, असं म्हणत. त्याने जन्मभर दापोलीत रिक्षा चालवली, आणि त्याचा ठरलेला साखरपुडासुद्धा मुलीच्या मामाला कुणीतरी ‘मरियम’ची गोष्ट सांगितल्यावर मोडला.

त्या सगळ्या वर्षांत एकच माणूस त्यांच्याशी नीट वागला. हुसैनमियाँ. तो शेजारच्या गावचा, आणि ‘मरियम’ ज्या कंपनीची होती तिथला सुपरिंटेंडंट. दर ईदला त्याच्याकडून हवाबीला लुगडं आणि मुलांना कपडे यायचे. वजीराचं लग्न जमालशी झालं तेव्हा जमालला मस्कतचा व्हिसा त्यानेच काढून दिला. पुढे वजीराला मस्कतच्या रुवी भागात, पासपोर्टचे फॉर्म भरून देणाऱ्या एका ऑफिसात नोकरी लागली, तीही त्याच्याच शब्दाने. हवाबी नमाजनंतर दुआ मागताना त्याचं नाव घ्यायची. एवढं नुकसान करून गेलेल्या माणसाच्या बायकापोरांना ज्याने टाकलं नाही, तो देवमाणूस, असं वजीराही मानत आली होती.

आता वजीरा सत्तेचाळीस वर्षांची. मस्कतच्याच अल् घुब्रात दोन बेडरूमचं भाड्याचं घर. जमालचं गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात पाण्याचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप. हवाबी तीन वर्षांपासून लेकीकडेच राहत होती. आणि मुलगी उमामा बारावीत, घरापासून चालत जाण्याइतक्या जवळच्या शाळेत.

या उमामाला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला. विषय होता अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यातल्या पंचेचाळीस वर्षांच्या स्पर्धेचा इतिहास.

“मम्मा, टीचर बोलली लोकल कनेक्शन पाहिजे,” उमामा म्हणाली. “सगळे सेम बर्लिन वॉल आणि क्यूबा करतायत. आपल्याकडे त्या टाइमचं काही ओल्ड आहे का?”

हवाबीकडे एक फोटो होता. बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, त्या तीन वाचलेल्यांत होता. पुढे गावी आल्यावर त्याने तो गुपचूप हवाबीच्या हातात ठेवला होता. ओढून आणून वाळूवर चढवलेली ‘मरियम’, बाजूला भलंमोठं भगदाड, आणि पुढे वाचलेले तिघं हात बांधून उभे. हवाबीने तो कापडात गुंडाळून ठेवला होता. घरात कुणी तो बघत नसे. बघितलाच तर माणसांचे चेहरे बघत, आणि जो नाही त्याला शोधत.

उमामाने तो मागून घेतला. पुढचे काही दिवस ती जेवताना काहीबाही सांगायची. त्या सालात इराण आणि इराकचं युद्ध चालू होतं, तेलाची जहाजं बुडवली जात होती. कुवेतने दोन्ही महासत्तांकडे संरक्षण मागितलं. रशियाने आपले टँकर द्यायचं कबूल केलं, तेव्हा अमेरिकेला घाई झाली, आपण मागे राहता कामा नये म्हणून. तिने कुवेतच्या टँकरांवर आपला झेंडा लावला आणि युद्धनौका पाठवल्या. मग समुद्रात सुरुंग पेरले गेले.

“त्याच मंथमध्ये मम्मा. गल्फ ऑफ ओमानमध्येपण मिळाले होते.”

“असतील,” वजीरा म्हणाली. बापाचा विषय निघाला की ती ताट उचलून उठायची. त्या दिवशीही उठली.

शुक्रवारी गालातली गॅरेजं बंद असतात, पण उमामाच्या प्रोजेक्टच्या तक्त्याला प्लायवूडची चौकट करून द्यायची म्हणून जमालने वर्कशॉप उघडलं. वजीरा आणि उमामाही सोबत गेल्या. तिथे आपला पंप न्यायला सदानंद जाधव आला होता. मूळचा महाडचा. वीस वर्षं जहाजांवर इंजिनियर म्हणून काढून आता गालातल्या कारखान्यांच्या बॉयलर आणि दाबाच्या टाक्या तपासून दाखले द्यायचं काम करायचा. बोलणं कमी, आणि चुकीचा दाखला दिला म्हणून एका ओळखीच्याशी त्याने कायमचं बोलणं सोडलेलं, हे जमालकडून वजीराला ठाऊक होतं.

उमामाने रुवीतून फोटो मोठा करून आणला होता, जवळजवळ टेबलाएवढा. तो प्लायवर ठेवलेला पाहून सदानंद थांबला.

“ही बोट कुठली, ताई?”

“माझे अब्बा होते हिच्यावर,” वजीराने सांगितलं. मग सवयीने पुढचंही बोलून टाकलं, दुसऱ्याने विचारायच्या आत. “इंजिनखोलीत हवेची टाकी फुटली. अब्बांची पाळी होती. त्यांना झोप लागली.”

सदानंदने चष्मा कपाळावर चढवला आणि फोटोवर वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

“टाकी फुटली असं कोण म्हणालं?”

“कंपनीचा रिपोर्ट आहे.”

“मग ही काय आहे?”

त्याने भगदाडाच्या आतल्या अंधारात बोट ठेवलं. लहान फोटोत तिथे काळा डाग दिसायचा. आता त्या डागात एक उभं, गोलसर, पिंपासारखं काहीतरी दिसत होतं. वरून दोन नळ्या निघालेल्या.

“ही हवेची टाकी. अख्खी आहे. दोन्ही नळ्यासुद्धा जागच्या जागी आहेत. ताई, फुटलेली टाकी मी पाहिलीये. ती केळ्याच्या सालीसारखी उलगडते, आणि तिच्या आसपास काही उभं राहत नाही.” त्याने बोट भगदाडाच्या कडेवर आणलं. “आता पत्रा बघा. आतून स्फोट झाला तर पत्र्याचं तोंड बाहेर येतं. इथे सगळा पत्रा आत दुमडलाय, खालून वर. हा दणका बाहेरून बसलाय. पाण्याखालून.”

“कशाचा?”

उमामा हळूच म्हणाली, “माइन, मम्मा. मी तुला सांगत होते.”

जमालने करवत खाली ठेवली. वजीरा फोटोकडे बघत राहिली. तिला आधी रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आला तो राग.

“भाऊ, हे समजायला इंजिनियर लागतो का?” तिने विचारलं.

“अजिबात नाही. बोटीसमोर उभं राहून ज्याने तो रिपोर्ट लिहिला, त्याला ही टाकी दिसत होती. तुमच्या जमालभाईंनासुद्धा दिसली असती.” सदानंदचा आवाज चढला. “चुकून खोटं लिहिणारे असतात. इथे चुकीला जागाच नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर ढकलून दिलंय सरळ.”

फोटोच्या उजव्या कडेला, तिघांपासून थोडा दूर, पांढऱ्या शर्टातला एक तरुण वहीत काहीतरी टिपत उभा होता. अडतीस वर्षं घरातल्या सगळ्यांनी त्याला प्रेमाने ओळखलं होतं. हुसैनमियाँ.

घरी परतल्यावर वजीराने आईला समोर बसवून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर हवाबी म्हणाली, “पान पडला तरी तो जागा होयचा. लोकांना मी किती येला सांगितला. माजा कोन ऐकतो.”

मग तिने उमामाला तक्ता आणायला लावला. त्यावर उमामाने सालवार घटना लिहिल्या होत्या. बर्लिन, कोरिया, क्यूबा, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान. सगळ्यात वर पुस्तकातलं एक वाक्य होतं, त्याचा अर्थ हवाबीने विचारला. उमामाने शब्द शोधत शोधत सांगितलं की या दोन देशांचं हे थंड युद्ध होतं. म्हणजे ते एकमेकांशी डायरेक्ट कधी लढलेच नाहीत.

“एकमेकांवर गोळी नाय झाडली?”

“नाही नानी. दुसऱ्या कंट्रीजमध्ये लढले. म्हणजे, दुसऱ्यांना लढायला लावलं.”

“मंग थंड कोनाला?” हवाबी म्हणाली. “त्या दोगांना. ती दोगा आपआपल्या घरात थंड बसली, नि माजा मानूस कांदेबटाटे घेऊन जाताना मेला.” ती वजीराकडे वळली. “जा. हुसैनला विचार.”

हुसैनमियाँ आता त्र्याहत्तर वर्षांचा होता. रुवीत त्याचं स्वतःचं ऑफिस होतं, भिंतीवर समाजाने दिलेली मानपत्रं होती. वजीरा आल्याचं कळताच त्याने खजूर आणि काव्हा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला.

“ये बेटा. हवाबी बरी आहे ना?”

वजीराने पिशवीतून फोटो काढून टेबलावर पसरला. “चाचा, हे बघा. ही टाकी. आणि हे तुम्ही.”

तो बघत राहिला. त्याने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. खोटं बोलायचा त्याने प्रयत्न केला नाही, हे वजीराला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. आणि त्यामुळे तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेला.

“तुला त्या दिवसांची कल्पना नाही,” तो शेवटी म्हणाला. “इकडे मसिराह बेटावर अमेरिकेची विमानं उतरायची. तिकडे एडनला रशियाची जहाजं. दोघं एकमेकांवर डोळा ठेवून. सुरुंग कुणी पेरले म्हणून विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. सुरुंगाचा नमुना जुना रशियन, ज्यांच्या वाटेत टाकला ती जहाजं अमेरिकेच्या झेंड्याखालची, आणि मधे आपली बोट. मालकाने मला रात्रीतून रिपोर्ट करायला सांगितला. म्हणाला, सुरुंग असं लिहिलंस तर ते युद्धातलं नुकसान होतं, विमा मिळत नाही. उद्यापासून एकही खलाशी बोटीवर चढणार नाही. कंपनी बंद. आपल्या कोकणातली बेचाळीस माणसं होती तिथे, वजीरा. बेचाळीस घरं.”

“मग टाकी फुटली एवढंच लिहायचं. झोप कुठून आली?”

हुसैनमियाँने खजुराची ताटली उगाच सरकवली. “टाकी आपोआप फुटत नाही. कुणाची तरी चूक दाखवावी लागते.”

“आणि अब्बांची का?”

“पाळी त्याची होती. आणि तो गेलेला होता. जिवंत माणसाचं नाव घातलं असतं तर त्याचं खलाशाचं पुस्तक रद्द झालं असतं, त्याला जेल झाली असती. जैनूला आता काय होणार होतं?”

वजीरा रोज लोकांचे फॉर्म भरायची. नावातलं एक अक्षर चुकलं तर माणूस वर्षभर खेटे घालतो, हे ती रोज बघत होती. कागदावर एकदा बसलेला शब्द काढायला काय काय करावं लागतं ते तिला ठाऊक होतं. आणि हा माणूस विचारत होता की काय होणार होतं.

“अब्बांना काही झालं नाही चाचा,” ती म्हणाली. “ते मेलेच होते. पण माझी आई तीस वर्षांची होती, आणि ती जिवंत होती. अरमान जिवंत होता. तुम्ही एका मेलेल्या माणसाचं नाव घातलंत आणि तीन जिवंत माणसांना शिक्षा दिलीत. वर दर ईदला लुगडं पाठवलंत. आम्ही तुमच्यासाठी दुआ मागत होतो. आम्हाला दुआ मागू दिलीत तुम्ही.”

“मी माझ्या परीने भरपाई केली.”

“भरपाई नको. एका कागदावर लिहून द्या, की टाकी फुटली नव्हती आणि जैनुद्दीन मुकादम झोपला नव्हता. मी मोहल्ल्यात पाठवते.”

हुसैनमियाँने मान हलवली. “खलास, बेटा. मालक मेला, कंपनी बुडाली. ज्या दोन देशांपायी ते सगळं चाललं होतं त्यातला एक देशच उरला नाही. आता या वयात मी समाजात तोंड कसं दाखवू? उमामाच्या कॉलेजची चिंता करू नकोस, ते मी बघतो.”

वजीराने फोटोची गुंडाळी केली. काव्ह्याला तिने हात लावला नव्हता. “अडतीस वर्षं आम्ही तोंड कसं दाखवलं ते नाही विचारलंत,” एवढं म्हणून ती उठली.

रस्त्यावर आल्यावर आपल्या ऑफिसकडे न जाता ती सरळ दोन गल्ल्या पलीकडे जुनैदच्या दुकानात गेली. जुनैदचं मोबाइलचं दुकान. तिच्याच मोहल्ल्यातला, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याचा बाप ‘मरियम’चा सुकाणी होता, त्याच सकाळी गेलेला. अकरा वर्षं वजीरा या दुकानावरून जा-ये करत होती. जुनैद काउंटरवर असला की ती रस्ता ओलांडायची, किंवा तो मोबाइलमध्ये डोकं घालायचा. आज ती आत शिरली तसं त्याने वर पाहिलं आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं थांबला.

“मला पाच मिनिटं दे,” वजीरा म्हणाली. “मग मी परत येणार नाही.”

तिने काउंटरवरचे कव्हरचे खोके बाजूला करून फोटो पसरला. सदानंदने दाखवलं तसंच, त्याच क्रमाने दाखवलं. आधी टाकी, मग नळ्या, मग पत्रा. हुसैनमियाँ काय म्हणाला तेही, एक शब्द न वगळता. जुनैद ऐकत होता. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

“माझी आई मरेपर्यंत तुझ्या बापाला शिव्या देत होती,” तो म्हणाला. “रोज. मगरिबच्या नमाजनंतर. मीपण दिल्या.”

“माहीत आहे.”

“पोर असताना तुमच्या पडवीवर दगड मारले मी.”

“तेही माहीत आहे.”

त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. “म्हणजे माझा बाप सुरुंगाने मेला. युद्धात मेला. आणि हा हुसैनमियाँ माझ्या निकाहला पहिल्या रांगेत बसून बिर्याणी खाऊन गेला.” तो वजीराकडे बघत नव्हता, फोटोतल्या पांढऱ्या शर्टाकडे बघत होता. “यल्ला, चल.”

दोघं परत त्या ऑफिसात गेले. एकटी बाई आली होती तेव्हा हुसैनमियाँकडे बोलायला बरंच काही होतं. आता जुनैदला पाहून तो खुर्चीतून अर्धा उठला. ज्या बेचाळीस घरांसाठी आपण खोटं लिहिलं असं तो म्हणत होता, त्यातल्याच एका घराचा मुलगा समोर उभा होता, आणि त्याला ते खोटं नको होतं.

“चाचा, लिहा,” जुनैद म्हणाला. “नाही लिहिलंत तर मी येत्या शुक्रवारी समाजाच्या जेवणात हा फोटो भिंतीवर लावतो. तुम्ही बाजूला उभे राहून सांगा काय सांगायचं ते.”

हुसैनमियाँने एक कोरा कागद काढून वजीराकडे सरकवला. म्हणाला, “वजीरा, तूच लिही. मी सही करतो.”

“नाही,” वजीरा म्हणाली. “तो रिपोर्ट तुम्ही लिहिला होतात. हाही तुम्हीच लिहा.”

त्याने लिहिलं. कापऱ्या अक्षरात, चुका करत, मराठीत. सात ओळी झाल्या. सुरुंग हा शब्द लिहिताना तो थांबला, पण त्याने तो लिहिला. खाली सही केली, तारीख घातली, आणि खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. वजीराला त्याची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही, आणि आली नाही म्हणून तिला वाईटही वाटलं नाही.

जुनैदने तो कागद आणि फोटो त्याच संध्याकाळी गावी पाठवले. उरलेल्या तीन घरांतल्या लोकांना फोन केले. शुक्रवारी नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर तो कागद मोठ्याने वाचला गेला. अरमान तिथे होता. त्याने रात्री बहिणीला फोन केला, पण त्याला नीट बोलता येईना. नुसतं म्हणाला, “वाचला गो. सगळा वाचला.”

उमामाच्या तक्त्याचं शाळेत कौतुक झालं. मोठा फोटो लावून तिने त्याखाली पाच नावं लिहिली होती, आणि त्यांतलं एक जैनुद्दीन मुकादम होतं. एका परीक्षकाने विचारलं की इतक्या मोठ्या दोन देशांच्या इतिहासात या नावांचा संबंध काय. उमामाने इंग्रजीत उत्तर दिलं, आणि घरी येऊन आईला मराठीत सांगितलं. “मी बोलले, सर, बाकीच्या ठिकाणीपण अशीच नावं आहेत. फक्त आपल्याला माहीत नाहीत.”

आठवड्याने मोहल्ल्याच्या जमातीचा, म्हणजे तिथल्या पंचांचा, निरोप आला. जमातीचा एक बुजुर्ग व्हिडिओवर होता, मागे आणखी चारपाच जण बसलेले. हवाबीला फोनसमोर बसवलं. बुजुर्ग गोडीने बोलला. झालं गेलं खाडीला मिळालं, म्हणाला. जमातीने एकमताने ठरवलंय की जैनुद्दीनला आपण सगळ्यांनी माफ केलं. हवाबीने आता मनात काही ठेवू नये.

हवाबीने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला, जणू त्या माणसाला नीट बघायचं होतं.

“माफ?” ती म्हणाली. आवाज वर गेला नाही. “कसला माफ केला? त्याना केला काय? तो कामावर जागा होता नि मेला. माफी तुमी द्यायची नाय. तुमी मागायची. मना मागायची, माज्या अरमानला मागायची.”

“हवाबी, आता वय झालं, कशाला...”

“माजा वय तुमच्यामुलं झाला,” हवाबी म्हणाली. “मी येतंय गावी. घरात बसेन. ज्याला मागायची त्याने यावा.”

आणि ती खरंच गेली. वजीरा रजा घेऊन सोबत गेली. अरमानने घर सारवून, झाडून ठेवलं होतं. पहिले दोन दिवस कुणी आलं नाही, नुसते रस्त्यावरून बघत जात. तिसऱ्या दिवशी सुकाण्याच्या घरून जुनैदची थोरली बहीण निदा आली. ओट्याखालीच उभी राहिली आणि म्हणाली, “चाची, चुकला आमचा.” हवाबीने तिला वर बोलावलं, चहा दिला. त्यानंतर एकेक येत गेले. दुपारचे, दोघं-तिघं मिळून, बहुतेक म्हातारे. काहींनी नीट शब्दांत मागितली. काही नुसते बसून हवापाण्याचं बोलले, आणि हवाबीने त्यांना चहा विचारला नाही. ज्या बुजुर्गाने माफी जाहीर केली होती तो शेवटपर्यंत आला नाही.

दहाव्या दिवशी वजीराला मस्कतला परतायचं होतं. तिने आईला विचारलं, आता तरी चलशील ना.

“नाय,” हवाबी म्हणाली. “अजून पंधरा घरा रायली हायेत.”